फाटलेली नोट आणि मधला हात

बोलायला सुरुवात करण्याआधी मला एक शंभरची नोट हवी आहे. माझी नको, तुमच्यापैकी कुणाची तरी. हां, दुसऱ्या रांगेतल्या ताई, द्या. घाबरू नका, मी एकोणतीस वर्षं बँकेत कॅशियर होतो. (हशा) हसायला काय झालं? बरं, नोट माझ्या हातात देण्याआधी तिचा नंबर मोठ्यानं वाचा. शेजारच्या दादांनी तो मोबाइलमध्ये टिपून घ्यावा. पुढची तीन अक्षरं आणि मागचे सहा आकडे, सगळंच घ्या. झालं? आता ही घडी घातली. आणि ही फाडली.

ऐकलंत? मी फाडण्याच्या आवाजाबद्दल बोलत नाहीये. या सभागृहातून जो 'अरे अरे' उमटला ना, त्याबद्दल बोलतोय. मी आत्ता वर्तमानपत्र फाडलं असतं, रुमाल फाडला असता, तर तुम्ही शांतपणे बघत बसला असता. पत्त्याचं पान फाडलं असतं तरी कुणाच्या पोटात कालवलं नसतं. नोट फाडली की आपल्याकडे माणूस खुर्चीत पुढे सरकतो. सकाळची भवानी झाली की दुकानदार ती नोट कपाळाला लावतो. चुकून पाय लागला तर आपण वाकून नमस्कार करतो. पैसा ही आपल्याकडे लक्ष्मी आहे, आणि मी तुमच्यासमोर लक्ष्मीचे चार तुकडे केले. त्यातून ती लक्ष्मी ताईंची. माझी असती तर तुम्हाला निम्मंच वाईट वाटलं असतं.

हे चार तुकडे असे एकावर एक. ताई, फुंकर घाला. उघडतो... आता नंबर पुन्हा वाचा. दादा, जुळतोय का? सगळे? शेवटचा आकडासुद्धा? (टाळ्या) घ्या तुमची नोट. अशी उजेडाकडे धरून बघू नका, लाज वाटते मला.

हे कसं केलं ते मी सांगणार नाही. जादूगारांमध्ये तो शिष्टाचार आहे, आणि ज्या गुरुजींकडून मी शिकलो त्यांना दिलेला शब्दही आहे. पण या खेळाचं तत्त्व मात्र सांगणार आहे, कारण आज त्याच तत्त्वावर लोकांच्या आयुष्यभराच्या ठेवी जातात. ते तत्त्व दडवून ठेवण्यात माझ्या कलेचं काही भलं होणार आहे असं मला वाटत नाही.

आधी कॅशियर म्हणून थोडं बोलतो. खरी नोट फाटली की काय होतं? आपली नोट शंभर टक्के कापसाच्या कागदाची असते, म्हणून ती फाटताना नेहमीच्या कागदासारखी फाटत नाही. ज्यानं रोज हजारो नोटा मोजल्यात त्याला तो आवाज कळतो. आणि फाटलेल्या नोटेचं मोल भावनेवर ठरत नाही, ते मोजपट्टीवर ठरतं. रिझर्व्ह बँकेचे २००९ चे नोट परतावा नियम आहेत, २०१८ मध्ये त्यांत दुरुस्ती झाली. वीस रुपयांपर्यंतची नोट असेल तर सर्वांत मोठा सलग तुकडा निम्म्याहून मोठा हवा. मग पूर्ण पैसे, नाहीतर काही नाही. पन्नास आणि त्यावरच्या नोटेचा सर्वांत मोठा तुकडा ८० टक्क्यांहून मोठा असेल तर पूर्ण पैसे, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे, त्याहून लहान असेल तर नकार. जांभळट शंभरची नोट १४२ मिलिमीटर लांब आणि ६६ मिलिमीटर रुंद असते. ती मधोमध फाटली, दोन्ही अर्धे तुकडे एकाच नोटेचे असले आणि काही हरवलं नसलं, तर चिकटवून आणा, पूर्ण पैसे मिळतात. पण मी आत्ता केले तसे चार सारखे तुकडे केलेत, तर सर्वांत मोठा तुकडा २५ टक्क्यांचाच. म्हणजे नियमाच्या काट्यानं ताईंचे शंभर रुपये गेले होते. वर आणखी एक कलम आहे. नोट जाणूनबुजून कापलेली किंवा फाडलेली दिसली, तर दावा फेटाळता येतो. तेव्हा घरी जाऊन प्रयोग करू नका. मुलांना सांगा, वहीच्या कागदावर करा.

जादूगाराला नोट का आवडते, ते आता बघा. पी. सी. सरकार, के. लाल, आपल्या पुण्याचे जादूगार रघुवीर, यांचे मोठ्या रंगमंचावरचे खेळ निराळे. तिथे पेट्या, पडदे, दिवे, सहकारी असतात. आमच्यासारख्या लहान माणसाला खिशात मावेल असं काहीतरी लागतं, आणि नोट प्रत्येकाच्या खिशात असते. शिवाय ती प्रेक्षकाची असते, म्हणून संशय कमी. आणि सर्वांत मोठं कारण म्हणजे तिच्यावर नंबर असतो. जगात इतक्या स्वस्तात मिळणारी आणि स्वतःचा वेगळा क्रमांक असलेली दुसरी वस्तू मला तरी माहीत नाही. 'हीच ती' असं सिद्ध करायला जादूगाराला साक्षीदार लागत नाही, नोटच साक्ष देते. अमेरिकेत वॉदव्हिलच्या काळात एमिल जॅरो नावाचा जादूगार प्रेक्षकाची नोट गायब करून लिंबातून काढायचा. लिंबू कापलं की आत ओली, गुंडाळलेली नोट, आणि नंबर तोच. तिकडे लोक हसायचे. हाच खेळ मी माळव्यातल्या एका खेड्यात करायला गेलो असतो, तर लिंबू बघूनच चार माणसं मागं सरली असती. आपल्याकडे लिंबू म्हटलं की करणी, भानामती आधी आठवते. म्हणून मी खेड्यात लिंबू वापरत नाही, संत्रं वापरतो.

दहाची पाचशे करण्याचा खेळही तुम्ही पाहिला असेल. घडी घालायची, उलगडायची, रंग बदललेला. यात एक गंमत आमच्या धंद्यातली माणसंच जाणतात. २०१६ आधी शंभर, पाचशे, हजार या नोटांची रुंदी ७३ मिलिमीटर होती. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजार बाद झाल्या, तशा आमच्या कित्येक घड्याही बाद झाल्या. ज्यांनी वर्षानुवर्षं एकाच मापाची घडी बोटांत बसवली होती, त्यांची बोटं महिनाभर अडखळत होती. नव्या मालिकेत पन्नास, शंभर, दोनशे, पाचशे या सगळ्यांची रुंदी ६६ मिलिमीटर. लांबी वेगवेगळी, पण घडी एकाच उंचीची होते. देशाला नोटबंदी आठवते ती रांगांमुळे. मला रांगा आठवतात त्या काउंटरच्या आतल्या बाजूनं, आणि संध्याकाळी घरी आल्यावर नव्या नोटेची घडी घालत बसलेलो आठवतो.

आता तत्त्व. तुम्हाला एक नोट दिसते, म्हणून तुम्ही धरून चालता की खेळात एकच नोट आहे. तुम्ही नंबर वाचता, पण तो सुरुवातीला वाचता आणि शेवटी वाचता. मधल्या वेळात नोट कुणाच्या हातात होती? माझ्या. सुरुवात खरी, शेवट खरा, आणि मधे माझा हात. सगळी जादू त्या मधल्या हातात आहे. मंत्र, फुंकर, काडी हे सगळं तुमची नजर त्या हातावरून हलवण्यासाठी.

अब्राहम कोवूर यांचं नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. केरळातल्या तिरुवल्ल्याचे, आयुष्य गेलं श्रीलंकेत. १९६३ मध्ये त्यांनी चमत्कार करून दाखवणाऱ्याला एक लाख रुपयांचं आव्हान दिलं. त्यांनी चमत्कारांची एक यादी केली होती, यांतला कुठलाही एक करून दाखवा म्हणून. त्या यादीत निखाऱ्यांवर उभं राहणं आहे, हवेतून वस्तू काढणं आहे. पण पहिल्या दोन गोष्टी कोणत्या, माहीत आहे? बंद पाकिटातल्या नोटेचा नंबर वाचा, आणि एखाद्या नोटेची हुबेहूब प्रत निर्माण करा. कोइमतूरजवळच्या पोदनूरचे बी. प्रेमानंद यांनी पुढे हे आव्हान चालवलं, गावोगाव चमत्कार करून दाखवले आणि कसे केले तेही सांगितलं. मला या माणसांचं कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी की त्यांनी देवाधर्माचा वाद घालण्याआधी नोटेचा नंबर विचारला. बाबा हवेतून अंगारा काढतो, अंगठी काढतो, पण पाकिटातला नंबर वाचायला सांगितलं की त्याला दुसरं काम आठवतं. कारण पाकिटाच्या अटीत मधला हात नाही.

रस्त्यावरच्या मदाऱ्याला हे सगळं आपल्याआधीपासून ठाऊक आहे. दिल्लीत शादीपूरजवळची कठपुतली कॉलनी अशा कलावंतांची वस्ती म्हणून प्रसिद्ध होती. हा मदारी मातीतून नाणं काढतो, कागदाची नोट करतो, आणि मग स्वतःच विचारतो की बाबांनो, मला खरंच नोटा करता आल्या असत्या तर मी उन्हात तुमच्यापुढं हात पसरला असता का? लोक हसतात आणि चार पैसे टाकतात. या प्रामाणिक माणसाला आपल्या कायद्यानं कितीतरी वर्षं भिकाऱ्यांत मोजलं. मुंबईचा १९५९ चा भीक प्रतिबंधक कायदा दिल्लीलाही लागू होता, आणि त्यात रस्त्यावर गाणारा, नाचणारा, खेळ करून पैसे मागणारा भिकारी ठरायचा. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिल्लीपुरती त्यातली मुख्य कलमं रद्द केली. मला याचा राग आहे, तो लपवत नाही. 'मला नोटा करता येत नाहीत' असं भर चौकात सांगणाऱ्याला पोलीस हाकलत होते, आणि 'मला करता येतात' म्हणणारा लॉजच्या खोलीत बसून चहा पीत होता.

त्या खोलीबद्दल सांगतो. २०१९ चा उन्हाळा. इंदूरला मी काउंटरवर होतो. आमचे जुने खातेदार, किराणा दुकानवाले, मुदत ठेव मोडायला आले. चार लाख. मुदतीला पाच महिने बाकी होते. फॉर्म भरता भरता त्यांनी खिडकीतून पाचशेची एक नोट सरकवली.

"साहेब, ही जरा बघता का? खरी आहे ना?"

मी हातात घेतली. कडा पिवळट तपकिरी. बोटाला किंचित चिकट. आणि वास दवाखान्याचा. उजेडात धरली, तिरपी केली. धागा हिरव्याचा निळा झाला, गांधीजींचं पाणचिन्ह जागेवर, कडेच्या उठावाच्या रेघा बोटाला लागल्या. नोट शंभर टक्के खरी होती.

मी म्हटलं, "शेठजी, खरी आहे. पण ही धुऊन कुणी दिली?"

त्यांचा चेहराच उतरला. मग मॅनेजरसाहेबांच्या खोलीत बसून हळूहळू सगळं निघालं. कुणीतरी लॉजवर नेलं होतं. तिथे पेटीत काळे कागद, नोटेच्या आकाराचे, गठ्ठेच्या गठ्ठे. सांगितलं की हा परदेशातून आणलेला पैसा आहे, कुणाला कळू नये म्हणून काळा रंग दिलाय, खास औषधानं धुतला की नोट निघते. शेठजींनी स्वतः गठ्ठ्यातून कागद निवडला. वाटीत बुडवला, काळा रंग गेला, पाचशेची नोट. तीनदा झालं. एक नोट त्यांनी पेट्रोल पंपावर चालवूनही पाहिली. मग औषधाच्या पुडीसाठी साठ हजार दिले, आणि आता मोठ्या बाटलीसाठी चार लाख न्यायला आले होते.

मी विचारलं, "कागद तुम्ही निवडलात. वाटीत कुणी टाकला?"

"त्यांनीच. चिमट्यानं. म्हणाले, औषध हाताला भाजतं."

बघा, हाच तो हात. निवडणं खरं, निघालेली नोट खरी, आणि मधे चिमटा. निवडलेला साधा काळा कागद तिथे बदलला जातो. वाटीत जातो तो आधीच तयार ठेवलेला. अशा प्रकरणांत पकडल्या गेलेल्या लोकांनी सांगितलेली कृती चौथीतल्या मुलाला समजेल अशी आहे. खऱ्या नोटेला गोंदाचा पातळ थर द्यायचा आणि ती टिंक्चर आयोडिनमध्ये बुडवून वाळवायची. काळा जाड कागद वाटतो. ते 'खास औषध' म्हणजे पाण्यात कुटून विरघळवलेल्या व्हिटॅमिन सी च्या गोळ्या. व्हिटॅमिन सी मुळे आयोडिनचं आयोडाइड होतं आणि त्याला रंग नसतो. डाग डोळ्यांदेखत नाहीसा होतो. पेटीतले बाकीचे गठ्ठे म्हणजे स्टेशनरीच्या दुकानातला काळा कागद.

शेठजींना मी रसायनशास्त्र सांगितलं नाही, तेवढा धीर त्यांच्यात नव्हता. त्यांच्याकडून दहाची नोट घेतली, नंबर त्यांच्याच हातानं लिहून घेतला, घडी घातली आणि पाचशेची करून टेबलावर ठेवली. ते हसले नाहीत. बराच वेळ त्या नोटेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पुन्हा करा." मी ती नोट त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "आता तुम्हीच घडी घाला, तुमच्याच मुठीत धरा. मी टेबलाच्या या बाजूला बसतो. होतंय का बघा." मूठ बंद करून ते बसले. काहीच झालं नाही. होणारच नव्हतं.

ठेव मोडली नाही. साठ हजार गेले ते गेलेच. तक्रार करायला ते तयार नव्हते, आणि या फसवणुकीचं सगळ्यात भक्कम कुलूप तेच आहे. पोलीस विचारणार, काळा पैसा विकत घ्यायला गेला होतात का? मुलगा विचारणार, या वयात हे सुचलं कसं? फसवणारा हे हिशेबात धरूनच माणूस निवडतो. मी एवढं सांगतो की फसवणूक हा गुन्हा फसवणाऱ्याचा आहे. तेव्हा तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० खाली होता, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली आहे. 'पैशांचा पाऊस पाडतो' म्हणून पूजा मांडणारे, नोटा दुप्पट करून देणारे, सगळे याच रांगेतले. महाराष्ट्रात डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर, २०१३ मध्ये, जादूटोणाविरोधी कायदाही आला, तिथे तोही लावता येतो.

लोक मला विचारतात, आम्ही ओळखायचं कसं? 'पुन्हा करून दाखव' म्हणा, असा सल्ला बरेच जण देतात. अर्धाच उपयोगाचा आहे. जादूगार एकच खेळ एकाच प्रेक्षकापुढे लगेच पुन्हा करत नाही हे खरं, पण लॉजवाल्यानं तीनदा करून दाखवलं होतं. तयार नोटा असतील तितक्या वेळा तो दाखवेल. 'नोट खरी आहे का' हे बँकेत तपासून घेणं तर पुरतं फसवं. नमुन्याची नोट खरीच असते, तीच तर त्याची गुंतवणूक. तपासायचं ते एवढंच की सुरुवातीपासून शेवटापर्यंत वस्तू तुमच्याच हातात राहते का. चिमटा तुमचा, वाटी तुमची, पाणी तुमच्या नळाचं, आणि त्यानं हात मागे बांधून बसायचं. जो खरा असेल त्याला यात अडचण असू नये. आत्ता ताईंनी मला हीच अट घातली असती, तर मी गाणं म्हणून दाखवलं असतं. (हशा)

आणि जादूगार मित्रांनाही एक सांगणं. बाजारात 'मनोरंजन बँक', 'चिल्ड्रन बँक' छापलेले नोटांसारखे कागद मिळतात. खेळात उधळायला बरे पडतात. पण वर-खाली खरी नोट आणि मधे हेच कागद अशा गड्ड्या करून लोकांना गंडवलं जातं. नोटेशी साम्य असलेले कागद छापणं-वापरणं हा कायद्यानं गुन्हाही आहे, दंड थोडा असला तरी. २०१७ मध्ये दिल्लीतल्या एका एटीएममधून असले दोन हजाराचे कागद बाहेर आले होते, यंत्रसुद्धा फसलं. मी तरी खेळात खरी नोट वापरतो, नाहीतर रंगीत पतंगाचा कागद. पतंगाचा कागद फाडला की 'अरे अरे' येत नाही, पण चालतं.

बाहेर चहाच्या टेबलाशेजारी मी दोन वाट्या ठेवल्या आहेत. एकीत टिंक्चर आहे, दुसरीत गोळ्यांचं पाणी. पांढऱ्या सुती कापडाचे तुकडेही ठेवलेत. आधी डाग पाडा, मग स्वतःच्या हातानं घालवा. कपड्यांना जपा, आणि नोटा खिशातच राहू द्या.